अडलेली ओळ घेऊन जा: पहिल्या वर्षाच्या कॅलक्युलस आणि केमिस्ट्रीच्या गृहपाठासाठी मदत कशी मागावी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना केमिस्ट्रीच्या व्हायवात मला विचारलेला प्रश्न एवढाच होता: "हा वीस कुठून आला?" पाण्याची हार्डनेस काढण्याचा प्रयोग होता, फाइल नीटनेटकी होती, आणि शेवटच्या ओळीत एका संख्येला २० ने गुणून उत्तर लिहिलेले होते. ती फाइल मी आदल्या रात्री साडेअकरा वाजता रूमपार्टनरच्या फाइलवरून उतरवली होती. त्यामुळे वीस कुठून आला हे मला माहीत नव्हते, आणि त्यानेही ती कोणाच्या तरी फाइलवरून उतरवली असल्याने ते त्यालाही माहीत नव्हते. परीक्षकांनी फाइल मिटून शांतपणे परत दिली. त्या वेळी मला मदत मिळाली नव्हती असे नाही, उलट भरपूर मिळाली होती. परंतु ती चुकीच्या टोकाने मिळाली होती.

पुढे अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या शंका सोडवताना हेच वेगवेगळ्या रूपांत दिसत राहिले. "सर, हा प्रॉब्लेम येत नाही" असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा संपूर्ण उत्तर मिळते आणि त्याच्या पदरात काहीच पडत नाही. आणि "या ओळीपर्यंत येते, पुढची ओळ कशी आली ते कळत नाही" असे म्हणणाऱ्याचे काम दोन मिनिटांत होते. या लेखात ती ओळ कशी शोधावी, ती कोणापुढे न्यावी आणि मिळालेले उत्तर कसे पारखून घ्यावे, हे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे एम-वन, एम-टू (गणिताचे पहिले दोन पेपर) आणि इंजिनिअरिंग केमिस्ट्रीची आहेत, बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही ती जशीच्या तशी लागू पडतील.

मदत मागण्यापूर्वीचा अर्धा तास

प्रश्न प्रथम कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून काढा. हे बालिश वाटेल. पण मोबाइलवरच्या फोटोतून प्रश्न वाचताना 'इन टर्म्स ऑफ वाय' किंवा 'अॅट २५ अंश सेल्सिअस' असे शब्द नजरेतून निसटतात आणि पुढचा अर्धा तास दुसराच प्रश्न सोडवण्यात जातो. त्यानंतर काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे दोन भागांत लिहा. केमिस्ट्रीत प्रत्येक संख्येपुढे एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅलक्युलसमध्ये आकृती काढता येत असेल तर ती ओबडधोबड का होईना, काढा. डबल इंटिग्रलमध्ये क्रम बदलण्याची जवळजवळ प्रत्येक चूक ही न काढलेल्या आकृतीची चूक असते.

मग सोडवायला घ्या, आणि प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली हे दोन-तीन शब्दांत नोंदवा: 'चेन रूल', 'मोल गुणोत्तर १ : १', 'दोन्ही बाजूंना लॉग'. ज्या ओळीशेजारी कारण लिहिता येत नाही, ती तुमची अडलेली ओळ. पुष्कळदा ती तुम्हाला वाटते त्याच्या दोन ओळी वर असते.

ओळ सापडली की अडचणीची जात ओळखा. प्रश्नातला शब्दच कळलेला नाही, सूत्र माहीत नाही, सूत्र माहीत आहे पण येथे लागते की नाही हे कळत नाही, पद्धत बरोबर आहे पण बीजगणितात पाय घसरतो आहे, की सारे बरोबर वाटते आणि तरी उत्तर जुळत नाही? शब्दाच्या अडचणीला कोश पुरतो, सूत्राच्या अडचणीला पुस्तकाचे एक पान पुरते, त्यासाठी कोणाचा वेळ घ्यायची गरज नसते. बीजगणिताची अडचण मात्र कबूल करायला जड जाते. एम-वनमध्ये नापास होणारे अनेक जण पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये अडकलेले नसतात, तर अपूर्णांकांच्या बेरजेत, लॉगच्या नियमांत आणि त्रिकोणमितीच्या सूत्रांत अडकलेले असतात. अशा विद्यार्थ्याने एम-वनचा क्लास लावण्याआधी अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके माळ्यावरून खाली काढावीत. त्यात कमीपणा काही नाही.

या साऱ्यासाठी घड्याळ लावून अर्धा तास द्या. एकाच उदाहरणाशी तीन तास झटणे ही चिकाटी नसून बहुधा तेच चुकीचे गृहीत पुन्हा पुन्हा वापरणे असते.

कॅलक्युलस: एक अडलेली ओळ जवळून

पहिल्या सत्रातील हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक ट्युटोरियलच्या कागदावर असते. (एक्स-स्क्वेअर अधिक वाय-स्क्वेअर) भागिले (एक्स अधिक वाय) या अपूर्णांकाचा साइन इन्व्हर्स म्हणजे यू. तर 'एक्स गुणिले यू-एक्स, अधिक वाय गुणिले यू-वाय' ही बेरीज टॅन यू येते, असे दाखवा. येथे यू-एक्स आणि यू-वाय म्हणजे यूची एक्स व वाय यांच्या सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह. वर्गात नुकतेच युलरचे प्रमेय झालेले असते. (त्या गणितज्ञाच्या नावाचा उच्चार ऑयलर असा आहे, पण आपल्याकडच्या कॉलेजांत तो युलरच राहिला आहे.) प्रमेय सांगते की फंक्शन होमोजीनियस असेल आणि त्याची डिग्री एन असेल, तर ही बेरीज एन गुणिले ते फंक्शन एवढी येते.

विद्यार्थी पाहतो की अंशाचा घात २ आणि छेदाचा १, म्हणून डिग्री १. तो प्रमेय लावतो, उत्तर 'यू' येते, आणि सिद्ध करायचे आहे 'टॅन यू'. आता तो दोनपैकी एक करतो: मित्राच्या वहीतून मधल्या तीन ओळी उचलतो, किंवा "युलर कळत नाही" असे शिक्षकांना जाऊन सांगतो. दुसऱ्या प्रसंगी शिक्षक बिचारे पूर्ण प्रमेय पुन्हा समजावतात, विद्यार्थी मान डोलावतो, आणि अडचण जागच्या जागी राहते. कारण प्रमेय त्याला आधीच कळलेले होते.

आता हाच विद्यार्थी ओळींशेजारी कारणे लिहीत असता, तर 'यू होमोजीनियस आहे, डिग्री १' या ओळीपाशी त्याला थांबावे लागले असते. होमोजीनियस म्हणजे काय? एक्सच्या जागी के-एक्स आणि वायच्या जागी के-वाय घातल्यावर केचा कोणता तरी घात बाहेर यावा. कंसातल्या अपूर्णांकातून के बाहेर येतो खरा, पण तो साइन इन्व्हर्सच्या आतच अडकून पडतो. साइन इन्व्हर्समधून के बाहेर काढता येत नाही. म्हणजे होमोजीनियस आहे ते यू नव्हे, साइन यू. प्रमेय साइन यूला लावले की डाव्या बाजूला चेन रूलने कॉस यू बाहेर येतो, उजवीकडे साइन यू उरतो, आणि भागाकार केल्यावर टॅन यू मिळतो.

"मी यूची डिग्री १ धरली म्हणून उत्तर यू आले, माझे गृहीत कुठे चुकले?" या प्रश्नाला शिक्षकांचे उत्तर एका वाक्याचे असते: "यूमध्ये के-एक्स, के-वाय घालून पाहिलेस का?" हे एक वाक्य पुढे टॅन इन्व्हर्सच्या आणि लॉगच्या उदाहरणांतही उपयोगी पडते, आणि यू म्हणजे लॉग असेल तेव्हा होमोजीनियस असते ते ई-चा-यू-वा-घात, हे विद्यार्थी आपण होऊन ओळखतो.

कोणाचीही मदत न घेता दोन उत्तरांपैकी खरे कोणते हे तपासण्याची एक युक्तीही येथे आहे, आणि ती फार कमी विद्यार्थी वापरतात: आकडे घालून पाहा. एक्स आणि वाय दोन्ही ०.५ घेतले तर अपूर्णांक ०.५ येतो आणि यू ०.५२३६ येतो. म्हणजे 'यू' हे उत्तर बरोबर असेल तर ती बेरीज सुमारे ०.५२४ यायला हवी आणि 'टॅन यू' बरोबर असेल तर सुमारे ०.५७७. आता दोन्ही चल एक टक्क्याने वाढवून ०.५०५ करा, यू होतो ०.५२९४. दोन्ही चल एक टक्क्याने वाढले की यूमधील वाढ ही त्या बेरजेच्या सुमारे ०.०१ पट असते. येथे वाढ सुमारे ०.००५८, तिला ०.०१ ने भागले की ०.५८ च्या आसपास येते. टॅन यू जिंकला. मात्र हे करताना कॅलक्युलेटर रेडियनमध्ये हवा. तो डिग्रीत राहिला तर शेवटचा आकडा ३३ च्या पुढे जातो, आणि मग विद्यार्थी गणितालाच शिव्या देत बसतो.

केमिस्ट्री: तो वीस

आता माझ्या वीसकडे येतो, कारण केमिस्ट्रीतील बहुतांश गृहपाठ याच जातीचा असतो.

उदाहरण असे: ५० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्याला ०.०१ मोलर ईडीटीए द्रावण १८ मिलिलिटर लागले. तर पाण्याची एकूण हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात किती पीपीएम? प्रयोगात नमुन्यात अमोनियाचे बफर घालून पीएच १० च्या आसपास ठेवतात आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर घालतात. पाण्यातील धातूच्या आयनांशी इंडिकेटर बांधला गेला की द्रावण वाइन रेड दिसते. ब्युरेटमधून येणारे ईडीटीए ते आयन हिसकावून घेते, आणि शेवटचा आयन गेला की मोकळ्या इंडिकेटरचा निळा रंग उमटतो. हा रंगाचा बदल डोळ्यांसमोर नसेल तर पुढील हिशेब नुसत्या आकड्यांची उठाठेव होते.

सूत्र पाठ न करता एककांचा हात धरून चाला. ईडीटीएचा एक मोल धातूच्या एका मोल आयनाला बांधतो, हे गुणोत्तर १ : १. एका लिटरमध्ये ०.०१ मोल, म्हणजे १८ मिलिलिटरमध्ये ०.१८ मिलिमोल. कॅल्शियम कार्बोनेटचे मोलर वस्तुमान १०० ग्रॅम, म्हणून ०.१८ मिलिमोल म्हणजे १८ मिलिग्रॅम. हे १८ मिलिग्रॅम आहेत ५० मिलिलिटर पाण्यात. पीपीएम म्हणजे विरळ द्रावणासाठी लिटरमागे मिलिग्रॅम. आणि एका लिटरमध्ये ५० मिलिलिटरचे वीस भाग असतात. वीस आला तो असा. उत्तर ३६० पीपीएम.

या उदाहरणात मदत मागताना विद्यार्थी जे तीन आकडे घेऊन येतात त्यावरून त्यांची अडलेली ओळ सांगता येते. १८ घेऊन येणारा लिटरवर जायचे विसरला. ३६० च्या जागी ०.३६ आणणारा ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत गोंधळला. सर्वांत फसवा आकडा म्हणजे १८०: येथे विद्यार्थ्याने मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांची भेसळ केली, ०.०१ मोलर द्रावण घेतले आणि कॅल्शियम कार्बोनेटचे इक्विव्हॅलंट वेट ५० लावले. फसवा अशासाठी की तो आकडा दिसायला अगदी शहाणा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये, २०१२ च्या आवृत्तीनुसार, एकूण हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. ०.३६ पीपीएम हे उत्तर या मर्यादांशेजारी ठेवताच हास्यास्पद ठरते, परंतु १८० तेथे बिनदिक्कत खपून जातो. म्हणून 'उत्तर शक्य कोटीतले आहे का' ही तपासणी आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. एककांची साखळी सुटता कामा नये.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत याच प्रकारचा खड्डा नर्न्स्टच्या समीकरणात आहे. ०.०५९१ हा आकडा २५ अंश सेल्सिअसला आणि दहाच्या पायाच्या लॉगसाठी आहे. कॅलक्युलेटरवर 'लॉग' आणि 'एलएन' ही बटणे शेजारी शेजारी असतात, आणि चुकून एलएन दाबले गेले तर झिंकचे आयन ०.०१ मोलर व कॉपरचे १ मोलर असलेल्या डॅनियल सेलचे व्होल्टेज १.१६ च्या जागी १.२४ येते. कोणालाही विचारण्याआधी हे बटण तपासा.

कोणाकडे जावे

सर्वांत जवळची आणि सर्वांत वाया जाणारी मदत म्हणजे वेळापत्रकातील ट्युटोरियलचा तास. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्या सत्राच्या गणिताला आठवड्याला तीन व्याख्याने आणि एक ट्युटोरियल दिले आहे, आणि तो तास शंकांसाठीच आहे. प्रत्यक्षात बरेच विद्यार्थी त्या तासाला फळ्यावरची उत्तरे उतरवतात, कारण प्रश्न त्यांनी आधी पाहिलेलेच नसतात. आदल्या दिवशी त्या कागदावरील निदान तीन उदाहरणे अडेपर्यंत सोडवून नेली, तर हा एक तास बाहेरच्या क्लासच्या कितीतरी तासांची बरोबरी करतो.

शिक्षकांना तासाबाहेर गाठायचे असेल तर आधी विचारून जा, वही सोबत न्या, आणि संदेश पाठवायचा असेल तर तो असा लिहा: "नमस्कार मॅडम, मी बी-दोन बॅचमधील विद्यार्थी आहे. तिसऱ्या ट्युटोरियलमधील पाचव्या उदाहरणात टी म्हणजे एक्स-स्क्वेअर अधिक १ असे सब्स्टिट्यूशन घेतले आहे. वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. खालची मर्यादा ० तशीच ठेवली तर लॉग शून्य येते. मर्यादा बदलायच्या राहिल्या आहेत, की सब्स्टिट्यूशनच चुकले आहे? उद्या प्रॅक्टिकलनंतर पाच मिनिटे वेळ मिळू शकेल का?" असा संदेश लिहिता लिहिताच काहींना उत्तर सुचते, आणि मग माझ्या फोनवर 'हा संदेश काढून टाकला आहे' एवढीच ओळ उरते. त्या ओळीचा मला आनंदच होतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सगळेच शिक्षक शंका विचारलेल्या आवडणारे नसतात, "एवढेही येत नाही?" हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते आणि त्यानंतर वर्षभर कोणालाच काही विचारलेले नसते. अशा वेळी त्याच विषयाच्या दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांकडे जायला हरकत नाही. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवणारे शिक्षक माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत.

सीनिअर दादा-ताईंकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट त्यांची फाइल नसून कोणता धडा कोणत्या धड्यावर उभा आहे याची माहिती असते. त्यांनी फाइल दिली तर ती घ्या, पण स्वतः सोडवून झाल्यावर उघडा. वर्गमित्रांबरोबर बसायचे असेल तर तिघे-चौघे पुरे, आणि नियम एकच ठेवा: ज्याला येते त्याने पेन धरायचे नाही. त्याने तोंडाने सांगायचे आणि ज्याला येत नाही त्याने लिहायचे. एरवी एक जण सोडवतो आणि बाकीचे तीन जण चहा पितात.

बाहेरच्या क्लासबद्दल माझे मत थोडे कडू आहे. केटी लागलेल्या (म्हणजे विषय राहिलेल्या), पाया कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला चांगला क्लास खरोखर तारतो. पण पहिल्याच महिन्यात भीतीपोटी लावलेला क्लास पुष्कळदा कॉलेजच्याच उदाहरणांची दुसऱ्यांदा उतरवलेली वही ठरतो. क्लास लावण्याआधी एक तास बसून पाहा आणि तेथे शंका विचारायला वाव आहे की नाही, एवढे एकच पारखा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा उपयोग प्रश्नांचे स्वरूप कळण्यासाठी होतो. त्यांतील उत्तरांत छपाईच्या आणि चिन्हांच्या चुका असतात, हे गृहीत धरूनच त्या वाचाव्यात.

इंटरनेट आणि एआय यांचा वापर

संकल्पनाच कळलेली नसेल तर व्हिडिओ उपयोगी पडतात, एखादी ओळ अडली असेल तर फारसे नाही. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलची व्याख्याने मोफत आहेत, आणि २०१७ पासून स्वयम या सरकारी पोर्टलवर त्यांतील अनेक अभ्यासक्रम परीक्षेसह करता येतात. अमेरिकेतील एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर कॅलक्युलसची व्याख्याने तर आहेतच, शिवाय उदाहरणांचे संच उत्तरांसहित आहेत, आणि माझ्या मते व्याख्यानांपेक्षा ते संचच अधिक मोलाचे आहेत. केमिस्ट्रीतील मोलॅरिटी किंवा पीएच डोळ्यांनी पाहायचे असेल, तर भौतिकीचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट या प्रकल्पातील सिम्युलेशन उघडा. द्रावणात पाणी वाढवले की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे तेथे पाच मिनिटांत कळते.

उत्तर तपासण्यासाठी वुल्फ्रम अल्फा, आलेख काढण्यासाठी जिओजेब्रा किंवा डेसमॉस ही साधने चांगली आहेत. त्यांच्या बाबतीत एक घोटाळा वारंवार होतो. विद्यार्थ्याने दोन साइन एक्स कॉस एक्सचे इंटिग्रल साइन-स्क्वेअर एक्स असे काढलेले असते, संगणक वजा कॉस-स्क्वेअर एक्स दाखवतो आणि पुस्तकात तिसरेच रूप, वजा अर्धा कॉस दोन एक्स, छापलेले असते. तिन्ही बरोबर आहेत. त्यांच्यात फरक फक्त स्थिरांकाचा आहे. इंटिग्रलचे उत्तर जुळले नाही तर ते खोडण्याआधी त्याचे डेरिव्हेटिव्ह काढून मूळ फंक्शन परत येते का ते पाहा. संगणकाच्या निकालापेक्षा हा निकाल अधिक भरवशाचा आहे.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि तेव्हापासून ट्युटोरियलच्या वह्यांतील इंग्रजी अचानक सुधारले. या साधनांवर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. पण त्यांना प्रश्नाचा फोटो देऊन 'सोडव' म्हणणे म्हणजे रात्री साडेअकराची माझी फाइलच, फक्त अधिक सुवाच्य अक्षरातली. त्याऐवजी स्वतःच्या ओळी टाइप करा आणि असे विचारा: "पूर्ण उत्तर देऊ नकोस. माझी पहिली चुकीची ओळ कोणती आणि तेथे कोणता नियम मोडला आहे, एवढेच सांग." उत्तर आल्यावर ते मान्य करण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे आकडे घालून तपासा. ही साधने आकडेमोडीत चुकू शकतात, फोटोतील घातांक चुकीचा वाचू शकतात, आणि चुकलेले उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने मांडतात. तुम्ही आग्रह धरला तर तुमच्या चुकीलाही कधी कधी होकार देतात, म्हणून "मी बरोबर आहे ना?" हा प्रश्न त्यांना विचारूच नये. "याच पद्धतीची, पण थोडी वेगळी तीन उदाहरणे दे" हा मात्र फार चांगला उपयोग आहे.

गुण असलेल्या असाइनमेंटसाठी कोणती मदत चालते हे शिक्षकांना आधीच विचारून घ्या. मित्राशी चर्चा करून सोडवले असेल तर तसे कागदाच्या तळाशी लिहायला लाजू नका. व्हायवात प्रत्येक ओळीचे उत्तर देता येईल एवढीच मदत आपली, हा हिशेब ठेवला की बाकीचे नियम फारसे पाहावे लागत नाहीत.

अडचण इंग्रजीची असेल तर

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची अडलेली ओळ पुष्कळदा गणिताची नसतेच. 'हेन्स फाइंड' याचा अर्थ 'आधीच्या भागात जे सिद्ध केले ते वापरून काढा' असा आहे; तो न कळल्यामुळे मुले दुसरा भाग पहिल्यापासून सोडवत बसतात आणि वेळ घालवतात. 'इन एक्सेस' म्हणजे तो पदार्थ उरणार आहे, म्हणून हिशेब दुसऱ्यावरून करायचा. 'स्टँडर्डाइज' म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता प्रयोगाने ठरवून घेणे. वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतात, आणि एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत उपलब्ध आहेत. शाळेतले 'दुष्फेन पाणी' म्हणजेच हे 'हार्ड वॉटर', एवढे जुळले तरी केमिस्ट्रीचा पहिला धडा ओळखीचा वाटू लागतो. परीक्षा इंग्रजीत द्यायची असल्याने उत्तर इंग्रजीतच लिहा, पण कारणे शेजारी मराठीत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

मदत मिळाल्यानंतर

शंका सुटली की ते उदाहरण लगेच पुन्हा सोडवू नका. त्या वेळी ते सोडवणे म्हणजे ऐकलेले परत लिहिणे असते. दुसऱ्या दिवशी वही मिटून, कोऱ्या कागदावर, पहिल्या ओळीपासून लिहा. पुन्हा त्याच ओळीवर अडलात तर मदत अपुरी होती आणि त्याच माणसाकडे परत जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. या वेळी "काल कळले होते, आज ही ओळ पुन्हा सुटली" असे सांगा.

यासोबत शंभर पानी वही वेगळी ठेवा आणि प्रत्येक अडलेल्या ओळीसाठी तिच्यात तीन नोंदी करा: काय लिहिले होते, काय हवे होते, आणि कशामुळे चुकले. सत्र संपेपर्यंत बहुधा त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात: मर्यादा बदलली नाही, कॅलक्युलेटर डिग्रीत राहिला, लॉगऐवजी एलएन दाबले, लिटरवर गेलो नाही. परीक्षेच्या सकाळी जाड पुस्तक उघडण्याऐवजी हीच पाने वाचा. माझ्या अशा वहीच्या पहिल्या पानावर आजही एवढेच लिहिलेले आहे: १००० भागिले ५०.